क्रमांक बदलताना

रायपूरच्या बूढापाऱ्यातील एखाद्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाच्या वहीत शाखेचा दूरध्वनी क्रमांक जपून लिहिलेला असतो. यंत्रणा बदलताना मात्र बँकेचे शेकडो संच एकाच यादीवरून, एका रात्रीत नव्याने जोडले जातात. यादीतील एक ओळ सरकली, तर कर्जविभागाचा दूरध्वनी रोखपालाकडे खणखणतो. जुना क्रमांक मुका झाला, तर ग्राहक इंटरनेटवर नवा शोधतो आणि भामट्यांनी पेरलेल्या खोट्या क्रमांकाला बळी पडू शकतो. बँकेचा दूरध्वनी ग्राहकाला ओळखता यावा, म्हणूनच रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सेवाविषयक दूरध्वनींसाठी ‘१६००’ मालिका वापरण्याचे निर्देश दिले. तेव्हा यादी दोघांनी पडताळावी, प्रत्येक संच वाजवून पाहावा आणि जुना क्रमांक वर्षभर तरी नव्याकडे वळता ठेवावा. वहीतील त्या क्रमांकावर ठेवीदाराचा विश्वास विसावलेला असतो.