ब्लॉकेजचा टक्का आणि बायपासचा निर्णय



हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम दोन ते चार मिलिमीटर रुंदीच्या असतात. महाधमनीतून एक डावी आणि एक उजवी अशा दोन निघतात. डावीच्या आखूड मुख्य खोडाला लगेच दोन फांद्या फुटतात आणि त्यांतली पुढच्या बाजूने खाली उतरणारी फांदी हृदयाच्या डाव्या कप्प्याचा मोठा भाग एकटी पोसते. बायपास करावी की नाही, हे ठरवताना आधी हा नकाशा पाहायला हवा. आपल्याकडे मात्र निकाल टक्क्यांवर लागतो. अँजिओग्राफी झाली की नातेवाईक विचारतात, 'किती टक्के ब्लॉक?' आणि कॅथलॅबच्या दारात उत्तर मिळते, 'नव्वद. लगेच काय ते ठरवा.'

हे नव्वद टक्के नेमके कुठे, हे कोणी विचारत नाही. डाव्या मुख्य खोडात 50 टक्के अडथळाही गंभीर मानला जातो. एखाद्या बारीक उपशाखेतला 90 टक्के अडथळा गोळ्यांवर वर्षानुवर्षे निभावतो. शिवाय हा आकडा बहुधा पडद्यावरची प्रतिमा पाहून नजरेने बांधलेला अंदाज असतो. एकाच चित्रावर एक डॉक्टर 70 म्हणतील, दुसरे 85. शंका असेल तिथे धमनीत केसासारखी तार सरकवून अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजता येतो. पलीकडे 80 टक्क्यांहून जास्त दाब टिकून असेल, तर त्या जागी सहसा स्टेंटची गरज नसते.

टक्क्यांच्या या वेडामागे नळात साचलेल्या गाळाचे चित्र आहे. ते सोपे आहे, पण फसवे. चरबीचा थर धमनीच्या पोकळीत नव्हे, भिंतीच्या आत वाढतो. त्यावरचे पातळ आवरण फाटले की तिथे रक्ताची गुठळी होते आणि धमनी काही मिनिटांत बंद पडते. हाच हार्ट अटॅक. अनेकदा तो अशा जागी येतो, जिथला अडथळा आदल्या दिवशी निम्म्याहूनही कमी होता. स्ट्रेस टेस्ट 'नॉर्मल' आलेल्या माणसाला महिन्याभरात अटॅक येतो आणि सगळे चक्रावतात, त्याचे कारण हेच. एका जागी बसवलेला स्टेंट ती जागा सांभाळतो. बाकीच्या भिंती कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाब आणि तंबाखू सोडणे यांच्यावरच विसंबून असतात.

घोळ होतो तो दोन वेगळे प्रसंग एकच समजण्यात. अटॅक चालू असताना प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. तेव्हा बंद धमनी ताबडतोब उघडणे हाच उपाय, आणि सेकंड ओपिनियनच्या नादी लागणे घातक. पण जिना चढताना छाती भरून येते, थांबल्यावर कमी होते आणि महिनोन् महिने तेवढेच राहते, अशा स्थिर आजारात घाईला आधार नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्किमिया' चाचणीत असे 5,179 रुग्ण होते. निम्म्यांना सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपासच्या वाटेने नेले, निम्म्यांना आधी औषधांवर ठेवले. तीनेक वर्षांत मृत्यू आणि अटॅक यांत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. छातीतले दुखणे मात्र पहिल्या गटात अधिक कमी झाले. डाव्या मुख्य खोडाचा आजार आणि फार दुबळे झालेले हृदय असलेले रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते, हे विसरून तिचे दाखले देऊ नयेत.

ते विसरणारेही पुष्कळ आहेत. 'बायपास म्हणजे निव्वळ धंदा' हे पारावरचे मत तितकेच धोक्याचे आहे. डाव्या मुख्य खोडाचा आजार, डावीच्या दोन फांद्या आणि उजवी अशा तिन्ही धमन्यांत पसरलेले अडथळे, घसरलेले पंपिंग, यांत नीट निवडलेल्या रुग्णाचे आयुष्य बायपासने वाढते. मधुमेहींबद्दल तर पुरावा पक्का आहे. एकाहून अधिक धमन्या बाधित असलेल्या 1,900 मधुमेहींवरच्या 'फ्रीडम' चाचणीत (2012) पाच वर्षांतल्या मृत्यूंचे प्रमाण स्टेंट घेतलेल्यांत सुमारे 16 टक्के, तर बायपास झालेल्यांत सुमारे 11 टक्के होते. पक्षाघात बायपासच्या गटात जास्त झाले, हेही रुग्णाला सांगायला हवे. फरकाचे कारण समजण्याजोगे आहे. स्टेंट एक जागा उघडतो. बायपासची नवी वाट आजारी भागाच्या पुढे जाऊन जोडलेली असते, त्यामुळे मागे उद्या नवा अडथळा आला तरी पुढचा स्नायू जगतो.

ही वाट कशाची केली, यालाही महत्त्व आहे. लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव्ह यांनी 1964 साली छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी वापरली. 1967 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून शस्त्रक्रिया रुळवली. पायाची शीर काढायला सोपी, पण दहा वर्षांत अशा जवळपास निम्म्या शिरा बंद पडतात. छातीतली धमनी पुढच्या मुख्य फांदीला जोडली, तर दहा वर्षांनीही दहापैकी नऊ वाहत्या असतात. म्हणून 'ट्रिपल की डबल' यापेक्षा 'छातीतली धमनी वापरणार ना?' हा प्रश्न जास्त मोलाचा.

नियोजित बायपासमध्ये दगावण्याचा धोका साधारण शंभरात एक ते दोन असतो. वय, मूत्रपिंडे, पंपिंग यांनुसार तो वाढतो. करवतीने कापलेले छातीचे हाड पोलादी तारांनी बांधतात आणि ते पुरते सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर खोकतानाही छातीशी उशी घट्ट धरावी लागते. एवढे सोसून मूळ अडथळा असतो तिथेच राहतो. तो कोणी काढत नाही. 'बायपास झाली, आता गोळ्या कशाला?' म्हणणारा माणूस नव्या वाटाही जुन्यांच्या मार्गाने लावतो.

'ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज मोकळे' अशा जाहिरातींवर दोन शब्द पुरेत. पायांना पट्टे बांधून दाब देणाऱ्या यंत्राने काहींचे दुखणे कमी होते, अडथळा मोकळा होत नाही. सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या कीलेशनने तो विरघळतो, याला पुरावा नाही.

मागणी एवढीच. स्थिर आजाराच्या रुग्णाची अँजिओग्राफी झाल्यावर त्याला टेबलावरून खाली उतरवावे, कपडे घालून खुर्चीत बसवावे आणि मग बोलावे. स्टेंट घालणारे आणि बायपास करणारे अशा दोघा डॉक्टरांचे मत लेखी द्यावे: कोणती धमनी, मधुमेह, पंपिंग, आणि औषधांवर थांबले तर काय. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेसह सर्व सरकारी योजनांनी आणि विमा कंपन्यांनी नियोजित शस्त्रक्रियेला मंजुरी देताना हा कागद सक्तीचा करावा. स्टेंटच्या किमतीवर 2017 साली मर्यादा आणता आली, तर निर्णयाची रीत ठरवून देणेही अशक्य नाही.

— एक वाचक, सातारा