'लो-की'च्या स्वातंत्र्याची कसोटी

मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या आधाराविना कलावंत स्वतंत्रपणे उभा राहू शकतो का? लंडनचा रॅपर लो-की याच्या कारकिर्दीने या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ होकारार्थी दिले होते. मार्च 2022 मध्ये मात्र या उत्तराची मर्यादा उघड झाली. त्याची काही गाणी चिथावणीखोर असल्याचा आक्षेप घेत ती स्पॉटिफायवरून हटविण्याची मागणी ब्रिटनमधील एका इस्रायलसमर्थक गटाने केली. आपला विरोध झायोनिझमला आहे, ज्यू समाजाला नव्हे, अशी लो-कीची भूमिका आहे. अनेक कलावंत त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि गाणी कायम राहिली. पण प्रश्न मिटला नाही.

लो-कीचे मूळ नाव करीम डेनिस. 1986 मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या करीमची आई इराकी, तर वडील इंग्रज. 2003 मध्ये ब्रिटनने अमेरिकेसह इराकवर आक्रमण केले, त्याच वर्षी या किशोरवयीन मुलाची पहिली मिक्सटेप आली. ज्या देशात तो वाढला, त्याच देशाचे सैन्य आईच्या मायभूमीत उतरले होते. पुढे त्याच्या रॅपला राजकीय धार आली, त्यामागे हे कौटुंबिक वास्तव होते.

2009 मध्ये 'डिअर लिसनर' हा त्याचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. 'साउंडट्रॅक टू द स्ट्रगल' हा 2011 मधील अल्बम त्याने स्वतःच्याच लेबलतर्फे काढला आणि तरीही तो ब्रिटनच्या विक्री-यादीत पहिल्या शंभरांत पोहोचला. 'अंडरग्राउंड' कलावंताच्या दृष्टीने हे यश लहान नव्हते. मात्र 2012 मध्ये, कीर्ती वाढत असतानाच, अभ्यासासाठी त्याने संगीतातून माघार घेतली. करारात बांधलेल्या गायकाला असा निर्णय इतक्या सहजी घेता आला नसता.

14 जून 2017 रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत 72 जणांचा बळी गेला. त्याच परिसरात राहणाऱ्या लो-कीने अवघ्या दोन महिन्यांत या दुर्घटनेवरील गाणे श्रोत्यांपुढे आणले. कंपनीच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही, हा स्वतंत्र असण्याचा लाभ येथेही दिसला. 2019 मध्ये 'साउंडट्रॅक टू द स्ट्रगल'चा दुसरा भागही आला.

तथापि, दरम्यानच्या काळात संगीतव्यवसायाचे स्वरूपच पालटले होते. पूर्वी हातोहात विकलेली सीडी कोणालाही परत घेता येत नसे. आता श्रोत्याकडे गाण्याची प्रत नसते. ते कंपनीच्या सर्व्हरवरून ऐकले जाते आणि तेथून ते केव्हाही नाहीसे होऊ शकते. बड्या गायकाच्या पाठीशी अशा वेळी त्याच्या कंपनीचे वकील आणि व्यावसायिक वजन असते. स्वतंत्र कलावंताची भिस्त केवळ श्रोत्यांवर असते.

2022 मध्ये लो-कीला ती भिस्त पुरली, कारण त्यामागे जवळपास दोन दशकांची मेहनत होती. आज पहिले गाणे प्रसिद्ध करणाऱ्या अनोळखी मुलाकडे हे बळ नसेल. त्याच्या गाण्यावर आक्षेप आला, तर ते कोणत्या निकषावर ठेवायचे वा काढायचे, हे स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी या कंपन्यांना टाळता येणार नाही.