सड्यावरची नोंद आपणच करावी



ऊस सोडून हे भलतेच काय, असे म्हणाल. पण मालवण तालुक्यातल्या कुडोपीचा 'बाहुल्यांचा सडा' गावाला पहिल्यापासून ठाऊक होता. अभ्यासकांच्या नोंदीत तो २०१२ च्या सुमारास आला. रत्नागिरीच्या 'निसर्गयात्री'च्या हौशी मंडळींनी गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत विचारत शेकडो कातळशिल्पे नोंदवली. २०२२ साली कुडोपीसह कोकणातली ही ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

सड्यावरचे चित्र उचलून संग्रहालयात नेता येत नाही, नोंदच न्यावी लागते. आणि नोंद आपल्याला नवी आहे काय? ऊस लागणीला सर्व्हे नंबर, क्षेत्र, तारीख लिहितोच ना! तसेच जागा, टेपने माप, फोटो, आणि जुनी माणसे चित्राला काय म्हणतात ते वहीत उतरवा. खडूने रेघा मात्र ओढू नका.

जमीन अडकेल, ही भीती मला ऐकू येते. ती खोटी नाही. त्याचा विचार सरकारने करावाच. पण उसाला खोडवा येतो, चिरेखाणीत गेलेल्या चित्राला येत नाही.

पुढच्या गटसभेला येताना वही आणा. माप कसे घ्यायचे ते मी दाखवीन.

— ऊस विकास अधिकारी