मनाचा तास आठवीपासूनच हवा

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली की शाळेत एखाद्या डॉक्टरांचं ताणतणावावर भाषण होतं, मुलं टाळ्या वाजवतात, वडापाव खाऊन घरी जातात. मनाच्या आरोग्याचं शिक्षण झालं, अशी नोंद होते. पण तोवर फार उशीर झालेला असतो.

सुरतजवळच्या चलथाणला मी संध्याकाळी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. निम्मी मुलं आमच्या खानदेशातली. सुरत-भुसावळ लाइननं पोट भरायला आलेल्या घरांतली. वडील कडोदरा-पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, बारा तासांची ड्युटी. रातपाळीचा माणूस त्याच एका खोलीत दिवसा झोपतो, म्हणून पोरांनी ओठांतल्या ओठांत वाचायचं. अशा घरातला नववीतला एक मुलगा रोज म्हणे, "मॅडम, डोकं दुखस." डोळे तपासून झाले, आईनं मीठमोहरीनं नजर काढली. रात्री झोप लागत नाही, छाती धडधडते, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि ही सांगायची गोष्ट आहे, हे त्याच्याही गावी नव्हतं.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. साठ मुलांच्या वर्गात चार तरी झाली की! जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं. नेमा, जरूर नेमा. पण आपल्याला काय होतंय हेच न कळणारं पोरगं समुपदेशकाच्या खोलीचं दार ठोठावणार कसं?

ते कळायला आठवीपासून आठवड्याला एक तास पुरे. तो वर्गशिक्षकांनीच घ्यावा, पाहुण्यांनी नको. झोप का उडते, उदासी पंधरा दिवस हटली नाही तर काय करायचं, मैत्रीण "जगावंसं वाटत नाही" म्हणाली तर शपथ मोडून मोठ्यांना का सांगायचं, हे शिकवावं. टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकटचा नंबर पाढ्यासारखा पाठ हवा. परीक्षा मात्र नको. नाहीतर यालाही गाइड निघेल!

राहिली पालकसभा. हे सगळं आईवडिलांनाही कळायला हवं, पण ती सकाळी अकराला ठेवतात. रातपाळीवाला तेव्हा झोपलेला, दिवसपाळीवाला मिलमध्ये. रात्री साडेआठला ठेवून तर बघा.