पऱ्हाटी जळते, कर्ज उरते

कापसाची वेचणी संपली की जिल्ह्यात धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटी पेटते. हेक्टरी दोन ते तीन टन माल, त्याची राख होते. जूनमध्ये तोच कास्तकार कर्ज काढून खताची पोती आणतो. याला अडाणीपणा म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. आम्ही म्हणतो, हा कर्जाने लावलेला हिशेब आहे.

सोसायटीच्या जुन्या पीककर्जात रोख आणि वस्तुरूप असे भाग असत. वस्तुरूप म्हणजे मुख्यतः रासायनिक खत. वळण तिथेच पडले. दुकानातून येतो तो खर्च, उकिरड्यावर तयार होते ते फुकट. ज्वारीचा पेरा घटला, कडबा गेला. कडब्यामागे ढोरे गेली, ढोरांमागे शेणखत गेले. चक्र तुटले, आणि तुटल्या जागी कर्ज येऊन बसले.

पऱ्हाटीपासून खत होते, कांडी कोळसा होतो, पार्टिकल बोर्डही होतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने हे दाखवून दिले आहे. जरूर विका; पण सगळीच विकली तर रानाचा कस ट्रकमध्ये बसून जाईल. धुऱ्यावर रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला घर मिळते. २०१७ आपण विसरलेलो नाही. म्हणून आधी कुट्टी करून रानापुरती कुजवावी, उरलेली विकावी.

त्याला यंत्र लागते, मजुरी लागते, दम लागतो. छोटी गुजरीचे सुभाष शर्मा यांना नैसर्गिक शेतीसाठी २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. रान सुधारते, हे सिद्ध झाले. पण जमीन उत्तर द्यायला दोन-तीन वर्षे घेते आणि पीककर्ज ३१ मार्चला दारात उभे राहते. मधली वर्षे कोणी सोसायची?

२०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे ३ टक्के व्याजसवलत ठेवली गेली. म्हणजे लांब मुदतीचा पैसा उभा करता येतो. तो पऱ्हाटीपर्यंत आला पाहिजे.

पीककर्जाचे दर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. घरच्या खताची मजुरी आणि कुट्टीचा खर्च कर्जदरात स्वतंत्र धरावा, ही आमची समितीपुढे मागणी. कुट्टी यंत्रासाठी गावच्या गटाला अनेक वर्षांच्या मुदतीचे कर्ज द्यावे, ही बँकांपुढे.

सभेला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे लिहून आणावेत: किती एकरांची पऱ्हाटी जाळली, शेणखताच्या किती गाड्या टाकल्या, खताची किती पोती उधारीवर आणली. समितीसमोर हाच कागद ठेवू.