अंगणावर मांडव हवा

होळी झाली की ठाण्यातल्या कोलशेतच्या गृहसंकुलांत उन्हाळ्याची तयारी सुरू होते. ट्रकमधून प्लास्टिकच्या हिरवळीच्या गुंडाळ्या उतरतात, उरल्यासुरल्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसतात, गाड्यांच्या तळावरच्या पोडियमवर नवे बाक येतात आणि कुंडीतल्या झाडांमध्ये दिव्यांच्या माळा गुंफल्या जातात. मुलांना सुट्टी लागणार असते, आजी-आजोबांना संध्याकाळी टेकायला जागा हवी असते. म्हणून सोसायटीच्या सभेत ‘परिसर सुशोभीकरणा’चा ठराव फारशी चर्चा न होता मंजूर होतो. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण या यादीतल्या बहुतेक वस्तू उन्हाचा ताप वाढवतात, आणि जिच्यासाठी खरं तर सगळा खर्च व्हायला हवा ती सावली यादीत नसतेच. दर वर्षी फाल्गुनात हेच घडतं, म्हणून यंदा पैसे खर्च व्हायच्या आतच हे लिहितो आहे.

प्लास्टिकच्या हिरवळीचं आधी पाहू. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात 2002 मध्ये कृत्रिम हिरवळीच्या मैदानाचं तापमान मोजलं गेलं. तापलेला पृष्ठभाग सुमारे 79 अंश सेल्सिअसवर होता. पाणी मारल्यावर तो 29 अंशांपर्यंत उतरला, पण पाच मिनिटांत 49 वर आणि वीस मिनिटांत 73 वर गेला. ते खेळाचं मैदान होतं, त्यात रबराचा भुगा होता आणि सोसायट्यांतली हिरवळ त्याहून पातळ असते, हे मान्य. तरी मूळ कारण दोन्हीकडे एकच. खरं गवत मुळांतून पाणी ओढतं आणि पानांतून वाफ सोडतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता उचलली जाते. प्लास्टिकच्या पात्याला मूळ नाही, म्हणून त्याला ही सोय नाही. पेव्हर ब्लॉकची गत थोडी वेगळी. तो दिवसभर ऊन साठवतो आणि सूर्य मावळल्यावर, म्हणजे लोक खाली येऊन बसतात नेमक्या त्याच वेळी, ते परत करतो. झाडांच्या बुंध्यापर्यंत बसवलेल्या ब्लॉकांबद्दल या सदरात अनेकदा लिहून झालं आहे. बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीसाठी 2013 मध्येच दिला होता, एवढी आठवण पुरे.

आता सावलीकडे येतो. ठाण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांमधून तो हल्ली साजराही होतो. त्या दिवशीच नव्हे, तर आधीनंतरचे कित्येक आठवडे भर दुपारी उभी भिंत सावली देत नाही. चाळीस मजली मनोरा असला तरी त्याची सावली त्याच्या पायाशीच गोळा होते. “इमारतींची सावली पडतेच की,” असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे. ती पडते सकाळी आणि दुपार कलल्यावर. भर दुपारी वरून आडवं काही धरलं असेल तरच माणूस वाचतो, आणि इथे वाचतो हा शब्द शब्दशः घ्यायचा आहे. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. व्यासपीठावर छत होतं, समोरच्या लाखोंच्या डोक्यावर आभाळ होतं. पारा 38 अंशांच्या आसपास होता. विदर्भाच्या मानानं तो आकडा काहीच नाही. तरी 14 माणसं उष्माघातानं गेली. किनारपट्टीवर हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार 37 अंशांपासूनच करू लागतं, कारण इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही. हवेचं तापमान कमी करणं कुठल्याच सोसायटीच्या हातात नाही, आर्द्रता तर नाहीच. पण भर दुपारी एका चौरस मीटरवर जवळजवळ हजार वॉटची शेगडी पेटल्याइतकं ऊन पडतं, ते मात्र अडवता येतं.

अडवायचं कशानं, हे आपल्या कोकणपट्टीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पाऊस सरला, भात झोडून झालं की अंगण खणायचं, पाणी मारून चोपण्यानं चोपायचं, शेणानं सारवायचं आणि त्यावर मांडव घालायचा. पोफळीचे किंवा बांबूचे खांब, वर आडव्या काठ्या आणि त्यावर माडाच्या झावळ्या विणून केलेले झाप. लग्न असो वा नसो, मांडव असायचाच. सुपारी त्याखाली सोलली जायची, दुपारची वामकुक्षी त्याखाली व्हायची, आल्यागेल्याला पाण्याचा तांब्या तिथेच दिला जायचा. मिरग जवळ आला की मांडव उतरायचा. बरे झाप पडवीच्या आडोशाला, उरलेले चुलीला. मागीलदारी मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, आणि तिथेच तोंडलीचा किंवा घोसाळ्याचा वेल चढवलेला आणखी एक छोटा मांडव. उन्हाळ्यासाठी घराबाहेर करायची एवढीच सुधारणा होती, आणि ती दर वर्षी नव्यानं व्हायची.

या मांडवात जी अक्कल आहे तिच्याकडे आपण जुनी हौस म्हणून पाहतो, आणि तिथेच चुकतो. झाप जाड नसतो, त्यामुळे तो उष्णता साठवत नाही. त्याला फटी असतात, त्यामुळे खाली जमलेली गरम हवा वर निघून जाते. चारही बाजू उघड्या असतात, त्यामुळे दुपारी खाडीवरून सुटणारा वारा आरपार जातो. याच्या शेजारी आजच्या पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याची शेड ठेवून पाहा. पत्रा तापतो, तापलेला पत्रा खालच्या माणसाच्या टाळूवर धग टाकतो, आणि शेड ठेंगणी असेल तर गरम हवा तिच्याखाली कोंडून राहते. सावली दोन्हींची पडते, पण एकीखाली बसवतं आणि दुसरीखाली बसवत नाही. देशावरचा उपाय वाळ्याच्या ओल्या पडद्यांचा. तो कोरड्या हवेत फार गुणाचा, खाडीकाठच्या दमट हवेत मात्र त्याचा गुण निम्म्यावर येतो. मांडव इथल्याच हवेतून जन्मला आहे, म्हणून तो इथे लागू पडतो.

कोलशेतला हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, कारण हे गाव खाडीकाठच्या कोळी-आगऱ्यांचं. उल्हास नदीचं पाणी वसईच्या खाडीकडे वळतं त्या काठावर ते वसलं. मग इथे रासायनिक कारखाने आले, आणि त्यांच्या जमिनींवर आता मनोरे उभे आहेत. साडेवीस एकरांचं सेंट्रल पार्क 2024 च्या फेब्रुवारीत खुलं झालं. त्याचा आनंद आहे. पण तिथपर्यंत दुपारी दोन वाजता चालत जायचं म्हणजे पुन्हा तापलेल्या रस्त्यावरूनच जायचं. ठाणे महापालिकेनं उष्णता कृती आराखडाही तयार केला आहे. पण शहराचा आराखडा फाटकाशी येऊन थांबतो. फाटकाच्या आतली जमीन सोसायटीची, आणि तिथे काय घालायचं हे सोसायटीच ठरवते.

मांडवाला आक्षेप येतात, आणि त्यातला एक खरोखर गंभीर आहे. वैशाखात वळिवाचा वारा सुटतो. 13 मे 2024 ला अशाच धुळीच्या वादळात घाटकोपरला महाकाय फलक कोसळून 17 जीव गेले. त्यामुळे समिती मांडवाला घाबरली तर तिला दोष देता येणार नाही. पण फलक आणि कापडी मंडप वाऱ्याला सपाट छाती देतात. शेतकरी वापरतात ती शेडनेटची जाळी वाऱ्याला वाट देते. दहा-बारा फूट उंचीवर, जमिनीत नीट रोवलेल्या खांबांवर ती ताणली तर सावलीही मिळते आणि हवाही खेळते. वाळलेले झाप पेट घेतात, म्हणून मनोऱ्यांच्या गर्दीत झापांऐवजी जाळीच बरी, हेही मी मान्य करतो. मला मांडवाचं रूप जपायचं नाही, गुण जपायचा आहे. पाण्याचा आक्षेपही खरा आहे. घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लागतात, तिथे वेलींना पाणी कुठून आणायचं? मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प असतो. मोरीच्या पाण्यावर अळू वाढवणाऱ्या मागीलदाराचंच ते मोठं रूप आहे, आणि त्या पाण्याला वेलीच्या मुळाइतकं चांगलं ठिकाण दुसरं नाही. तक्रार करायचीच तर प्लास्टिकच्या हिरवळीबद्दल करावी. ती पाणी वाचवते असं सांगितलं जातं, पण तिच्यावर दुपारी पाय ठेवायचा तर आधी पाणी मारावं लागतं, आणि वीस मिनिटांत ते वाया गेलेलं असतं.

जमीन उघडी ठेवली तर चिखल होईल, या आक्षेपाचं उत्तर त्याहून सोपं आहे. चालण्याची वाट फरसबंद असावी, याला कोणी नाही म्हणत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंची जमीनही फरसबंद का, एवढाच प्रश्न आहे. पोडियमवर मात्र अडचण खरी आहे. खाली गाड्या उभ्या, वर वीतभर माती, त्यात वडाचं किंवा बहाव्याचं झाड धरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2013 मध्ये कोहिनूर प्रकरणात मुंबईसाठी स्पष्ट सांगितलं होतं की मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवर हवी, पोडियमवरची तिच्या बदल्यात धरता येणार नाही. बांधून झालेला पोडियम आता पाडता येणार नाही हे खरं. पण म्हणूनच तिथे मांडवाची गरज सर्वांत जास्त आहे. मोठ्या कुंडीतलं कृष्णकमळ किंवा मधुमालती जाळीवर चढवली तर वेल पानांनी भरेपर्यंत जाळी सावली देते, आणि पुढच्या वर्षी वेल देते.

उरली परवानगी. मुंबईत पावसाळ्यासाठी तात्पुरती शेड घालायला परवानगी देण्याची पद्धत रूढ आहे. ठरावीक मुदत, ठरावीक शुल्क, पावसाळा सरला की शेड काढायची. पावसापासून माणसाला आडोसा हवा हे प्रशासनाला पटलं, मग उन्हापासून हवा हे पटायला अडचण काय? फाल्गुन ते मृग एवढ्या मुदतीची उन्हाळी मांडवाची परवानगी ठाण्यानं आणि कल्याण-डोंबिवलीनं सुरू करावी. जाळीच वापरायची, उंची किती, खांब कसे रोवायचे, हे नियम अर्ध्या पानात बसतील. मुदतीत मांडव उतरवला नाही तर दंडही घ्यावा. बेकायदा वाढीव बांधकामाची भीती याच मुदतीनं मिटते. मांडव ही मुळात उतरवायचीच वस्तू आहे.

पहिला मांडव कुठे घालायचा, हेही सांगतो, कारण सभेत तो क्लब हाऊससमोर घालायचं ठरेल. तो फाटकाशी घालावा. दुपारी दोन वाजता संकुलात बाहेर असतं कोण? सुरक्षारक्षक, माळी, चार घरची कामं उरकून पाचव्या घराकडे निघालेल्या बायका, आणि जेवणाचा डबा घेऊन आलेला, आतून फोन येईपर्यंत दुचाकीवर हेल्मेट घालून थांबलेला मुलगा. राहणारी माणसं तोवर पंख्याखाली किंवा एसीत असतात आणि सहानंतर खाली येतात. उन्हाळ्यासाठी अंगण सजवताना संध्याकाळी सहाचा विचार होतो, दुपारी दोनचा होत नाही. फाटकापासून लिफ्टपर्यंतच्या वाटेवर सलग जाळी, तिच्याखाली दोन बाक आणि एक पाण्याचा माठ, एवढं झालं तरी पुष्कळ. प्लास्टिकच्या हिरवळीची मागणी अजून नोंदवली नसेल, तर तेच पैसे याला पुरतील.