ती वाटी ट्रॉलीवरून उचला

पाठीतल्या भुलीबद्दल आपल्याकडे एकच धास्ती आहे: "त्या इंजेक्शननं कंबर कायमची जाते." ओपीडीत, लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या जिन्यात मला हे कोणीही ऐकवतं. बाळंतपणानंतरची बहुतेक कंबरदुखी त्या सुईमुळे नसते, हे मी न कंटाळता सांगत आले आहे. पण सुई टोचण्याआधी पाठीला काय लावलं, किती टक्क्यांचं लावलं, ते सुकू दिलं का आणि त्याची वाटी कुठे ठेवली होती, हे कोणत्याही नातेवाइकानं मला आजवर विचारलेलं नाही. विचारायला हवं. माणूस आयुष्यभर जायबंदी होऊ शकतो तो तिथे, आणि मी ज्या पेशात आहे त्या पेशानं या बाबतीत चालवलेली बेपर्वाई मला सहन होत नाही.

आमच्या परिषदांमध्ये वाद रंगतो तो जंतुनाशक कोणतं, "क्लोरहेक्सिडीन की बीटाडीन" असा. स्लाइडवर स्लाइड. आणि तोच वक्ता सोमवारी सकाळी ओटीत येतो, सिस्टरनं वाटीत जे ओतलं असेल त्यात बोळा बुडवतो आणि पाठ ओली असतानाच सुई घालतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

त्या वादाचं उत्तर ठाऊक आहे. अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन चांगलं. ते त्वचेच्या वरच्या थराला धरून राहतं, तासन्‌तास काम करतं, रक्त लागलं तरी त्याचा जोर जात नाही. बीटाडीनमधलं आयोडीन हळूहळू सुटतं, त्याला तीनेक मिनिटं तरी द्यावी लागतात आणि रक्त किंवा पू लागला की ते ढेपाळतं. अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या भूलतज्ज्ञ संघटनांनी अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीनच्याच बाजूनं कौल दिला आहे. २०१० साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेला मोठा अभ्यास सगळे पुढे करतात: शस्त्रक्रियेच्या जखमेत जंतुसंसर्ग क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलनं ९.५ टक्के, बीटाडीननं १६.१ टक्के. त्या अभ्यासात अल्कोहोल एकाच बाजूला होतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. बीटाडीन पाण्यातलं होतं. म्हणजे श्रेयाचा मोठा वाटा अल्कोहोलचा असू शकतो.

आणि इथेच "जास्त टक्के म्हणजे जास्त चांगलं" या समजुतीनं घात होतो. सेंट्रल लाइनसाठी दोन टक्क्यांचं क्लोरहेक्सिडीन वापरतात म्हणून पाठीलाही तेच, असा सरळ हिशेब अनेक ठिकाणी मांडला जातो. क्लोरहेक्सिडीन मज्जातंतूंसाठी विष आहे. ब्रिटन-आयर्लंडच्या संघटनेनं २०१४ मध्ये स्पष्ट लिहिलं की पाठीसाठी ०.५ टक्क्याचंच वापरा, कारण दोन टक्क्यांनी इथे जास्त फायदा होतो असा पुरावा नाही आणि चुकून आत गेलं तर नुकसान जास्त. हे वाचायला दहा मिनिटं लागतात. तरीही स्टोअरमध्ये दोन टक्क्यांचीच बाटली आहे म्हणून तीच उघडली जाते. औषध निवडायचा अधिकार खरेदी विभागाला कोणी दिला?

आता वाटीकडे येते. २०१० साली सिडनीतल्या एका मोठ्या रुग्णालयात प्रसूतीसाठी आलेल्या एका तरुण स्त्रीला एपिड्युरल देताना सलाइनऐवजी क्लोरहेक्सिडीन टोचलं गेलं. आठ मिलिलिटर. ट्रॉलीवर दोन वाट्या होत्या, एकीत सलाइन, दुसरीत जंतुनाशक, आणि कोणत्या वाटीत काय आहे हे कशावरही लिहिलेलं नव्हतं. बाळ सुखरूप जन्मलं, आईच्या मज्जारज्जूची आणि मेंदूची कधीही भरून न येणारी हानी झाली. ते सुसज्ज रुग्णालय होतं, भूल देणारे शिकलेले होते. चूक त्या मांडणीत भरलेली होती.

आपल्याकडची मांडणी बघा. हिरवं कापड अंथरलेली स्टीलची ट्रॉली. त्यावर सुई, सिरिंज, भुलीच्या औषधाची फोडलेली अँप्युल आणि त्यांना खेटून काठोकाठ भरलेली जंतुनाशकाची वाटी. स्पंज होल्डर वाटीतून उचलला की पाठीपर्यंतच्या वाटेवर तो ठिबकतो, आणि ती वाट सुईवरून जाते. बोळ्यानं ओले झालेले ग्लोव्हज तसेच ठेवून त्याच बोटांनी सुई धरली जाते. सिझेरियनला पाठीत जेमतेम दोन मिलिलिटर औषध जातं. त्यात थेंबभर परकं रसायन मिसळलं तर त्याला सौम्य करायला तिथे काय आहे? ना रक्ताचा प्रवाह, ना यकृत. मज्जारज्जूभोवतीच्या त्या पाण्यात ते तसंच फिरत राहतं.

इंग्लंडमध्ये २००१ साली सिझेरियनसाठी स्पायनल दिलेल्या एका स्त्रीच्या मज्जारज्जूचं वेष्टन सुजून चिकटलं, आणि तिचं चालणं गेलं. भूल देणारे अनुभवी होते, वाट्यांची अदलाबदल झाल्याचं काही दिसलं नव्हतं. तरीही क्लोरहेक्सिडीन आत गेल्यामुळेच हे झालं, असं न्यायालयानं मानलं, आणि २००८ मध्ये अपिलातही तोच निकाल राहिला. त्या निष्कर्षावर भूलतज्ज्ञांत वाद आहे, आणि तो वाद घालणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे: कारण शंभर टक्के सिद्ध होईपर्यंत वाटी सुईशेजारीच ठेवायची का?

ही गोष्ट जुनी आहे. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डला एकाच दिवशी, एकाच ओटीत, पाठीतली भूल दिलेल्या दोन माणसांचे पाय कायमचे गेले. अँप्युल बाहेरून निर्जंतुक राहाव्यात म्हणून त्या फिनॉलमध्ये बुडवून ठेवत. डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून फिनॉल आत झिरपलं असावं, असं मानून १९५४ मध्ये न्यायालयानं रुग्णालयाला निर्दोष ठरवलं. पुढे काही अभ्यासकांनी सांगितलं की उपकरणं उकळायच्या भांड्यातला क्षार काढायला वापरलेलं आम्ल त्यात राहून गेलं असावं. फिनॉल असो की आम्ल, स्वच्छतेसाठी आणलेली वस्तूच पाठीत पोचली. त्या घटनेनंतर ब्रिटनमध्ये स्पायनलचं नाव काढायला लोक वर्षानुवर्षं धजत नव्हते. एवढी किंमत मोजून मिळालेला धडा आपण ट्रॉलीवर वाटीत ओतून ठेवतो.

मग घाईचं कारण पुढे येतं. "मॅडम, झालं का? पुढची केस थांबलीय." बीटाडीन लावून पुढच्याच क्षणी स्पिरिटनं पुसून काढायचं, ही तर आपल्या नर्सिंग होममधली रूढ पद्धत आहे. जे काम करायला मिनिटं लागतात ते औषध सेकंदांत पुसायचं, तर लावलंच कशाला? घाई असलेल्या माणसानं खरं तर अल्कोहोलचं क्लोरहेक्सिडीनच मागायला हवं, ते मिनिट-दोन मिनिटांत सुकतं. ते सुकल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही. ओलं क्लोरहेक्सिडीन सुईच्या टोकावर बसून आत जातं, आणि पाठीखाली चादरीत साचलेलं अल्कोहोल कॉटरीच्या ठिणगीनं पेटतं. बाळाचे ठोके खरोखर पडत असतील तर जनरल भूल द्या. रोजच्या ठरलेल्या सिझरला इमर्जन्सी म्हणू नका.

बाटल्यांचंही तेच. मोठी बाटली उघडायची, दिवसेंदिवस वापरायची, संपत आली की वरून भरायची. जंतुनाशकात जंतू वाढत नाहीत, हा भ्रम १९८१ मध्येच अमेरिकेत फुटला, पोव्हिडोन आयोडीनच्या बाटल्यांतच स्यूडोमोनासच्या जातीचे जिवाणू सापडले तेव्हा. आणि नाकाखाली घसरलेला मास्क? २००८-०९ मध्ये न्यूयॉर्क आणि ओहायोत प्रसूतीच्या स्पायनलनंतर पाच जणींना मेंदूज्वर झाला. ओहायोतल्या दोघींना भूल देणाऱ्यानं मास्क लावलेला नव्हता. त्यांतली एक दगावली. तोंडातले जंतू बोलताना ट्रेवर पडतात, मग पाठीला उत्तम जंतुनाशक लावून उपयोग काय?

माझ्या अटी मी काम करते त्या प्रत्येक ओटीला लेखी कळवल्या आहेत. ०.५ टक्क्याचं, रंग असलेलं, अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन, आणि त्याची ॲलर्जी असेल तर अल्कोहोलमधलं आयोडीन. पाठ पेंट होईपर्यंत सुई आणि अँप्युल झाकलेली. पेंट करून झालं की वाटी आणि बोळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ग्लोव्हज ओले दिसले तर बदलायचे. औषध अँप्युलमधून थेट सिरिंजमध्ये, मध्ये कोणतंही उघडं भांडं नाही. एका नर्सिंग होमनं यावर "एवढे चोचले परवडत नाहीत" असं सुनावलं आणि मला बोलावणं बंद केलं. तिथली केस आता दुसरं कोणीतरी करतं, त्याच जुन्या ट्रॉलीवर. सिझरला जाणाऱ्या बाईच्या नवऱ्यानं, आईनं, सासूनं भूलतज्ज्ञाला गाठून विचारावं: पाठीला काय लावणार, ते सुकेपर्यंत थांबणार का, आणि वाटी कुठे असेल? जो या प्रश्नांनी चिडेल, त्याच्या हाती पाठ देऊ नका.